सोनबाबेटाची सहावी फाईल

रज्जाकभाई शेख यांच्या नोकरीचे पंचेचाळीस दिवस उरले होते आणि नवी फाईल दिसली की त्यांना नुसती जांभई येत होती, तेव्हा कुठे सरकारला बेटांची आठवण झाली.

परिपत्रक दिल्लीहून आलं. हवामान बदलतंय, समुद्र चढतोय, पूर वाढतायत, तेव्हा देशातल्या लहान बेटांवरच्या वस्त्यांना पूल, धक्के, उंचावरचे निवारे असली सार्वजनिक कामं करायला खास निधी. पुण्याला समुद्र नाही हे दिल्लीलाही ठाऊक असावं. पण परिपत्रक धाडताना कुणीतरी पत्त्यांची सगळीच यादी घेतली असणार, म्हणून एक प्रत बांधकाम खात्यात रज्जाकभाईंच्या टेबलावर येऊन पडली. 'आपल्या कार्यालयाशी संबंधित नाही' असा शेरा मारायला त्यांनी पेन उचललंही होतं. समोर बसणाऱ्या ऋतुजानं, म्हणजे दोन वर्षांपूर्वी कंत्राटावर लागलेल्या तरुण इंजिनिअरनं, तो कागद त्यांच्या हाताखालून ओढून घेतला.

"सर, क्लॉज चार वाचा. समुद्रातली किंवा नदीतली बेटं. नदीतली, सर! फक्त दोन कंडिशन्स आहेत. शंभर माणसं राहत असली पाहिजेत आणि बाराही महिने चारी बाजूंनी पाणी पाहिजे. आपलं सोनबाबेट परफेक्ट बसतं यात."

"मी सत्तावीस वर्षं बसवतोय ते," रज्जाकभाई म्हणाले. "अजून कुठेच बसलेलं नाही."

खराडीच्या काचेच्या इमारतींच्या मागे नदीला एके ठिकाणी दोन फाटे फुटतात आणि अर्ध्या किलोमीटरवर ते पुन्हा एक होतात. मधल्या जमिनीवर एकतीस घरं, पालक-कोथिंबिरीची वावरं आणि एक म्हसोबा. कधीकाळी कुणी सोनबा तिथे पहिली झोपडी घालून राहिला, त्याचं नाव त्या जागेला चिकटलं. वरच्या मजल्यांवर कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्यांना खिडकीतून ते बेट हिरवंगार दिसतं आणि वाटतं, काय नशीबवान लोक! या नशीबवान लोकांना मिठाची पुडी आणायची तर आठ पिंपांवर फळ्या ठोकून केलेल्या तराफ्यावर उभं राहावं लागतं आणि दोन काठांना बांधलेला दोर ओढत यावं लागतं. उन्हाळ्यातसुद्धा फाट्यात कमरेइतकं पाणी असतं, तेही शहरानं वापरून सोडून दिलेलं. पावसाळ्यात धरणाचं पाणी सुटलं की तराफा काढून झाडाला बांधायचा आणि पूर उतरेपर्यंत ज्याचं जे होईल ते होऊ द्यायचं. सरुबाईचा नवरा गेनबा असाच गेला. त्याच्या छातीत कळ आली तेव्हा अॅम्ब्युलन्स पंधरा मिनिटांत आली, पलीकडच्या काठावर दिवा फिरवत दोन तास उभी राहिली आणि रिकामी परत गेली.

पुलाची पहिली फाईल रज्जाकभाईंनी त्याच्याही आधी केली होती, ग्रामीण रस्त्यांच्या योजनेतून. ती मंजूर होता होता गाव शहरात आलं आणि फाईल परत आली, कारण आता ते ग्रामीण राहिलं नव्हतं. मग शहरी रस्त्यांतून दुसरी केली. शहराच्या नकाशात तिथे रस्ताच दाखवलेला नव्हता, म्हणून तीही परत. तिसरी पर्यटनातून. तिच्यात रज्जाकभाईंनी लाज गिळून 'नौकाविहारास वाव' असं लिहिलं होतं. चौथी नदी सुशोभीकरणातून. तिच्या रंगीत चित्रात बेटावर झाडं होती, बाकं होती, पळणारी माणसं होती, फक्त एकतीस घरं नव्हती. पाचवी आपत्ती निवारणातून केली तेव्हा मात्र खरोखर काहीतरी मिळालं: सहा लाइफ जॅकेट आणि एक भोंगा. भोंगा अलीकडच्या काठावर बसवला, कारण पलीकडे न्यायला पूल नव्हता.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. पण नकटीचं लग्न शेवटी लागतं तरी.

तरीही त्यांनी सहावी फाईल केली. आशा वगैरे काही नव्हती. आशा तिसऱ्या फाईलबरोबर संपली होती. पण ऋतुजा रोज सकाळी "सर, काय करायचं?" म्हणून समोर उभी राहायची, आणि तिला नाही म्हणायला जे बळ लागतं तेही त्यांच्यात उरलं नव्हतं. शिवाय गेनबाच्या दहाव्याला सरुबाई एवढंच म्हणाली होती, "साहेब, पूल व्हता तर." पुढे काहीच बोलली नव्हती. ते अर्धं वाक्य रज्जाकभाईंच्या मानगुटीवर बसलं होतं ते काही उतरत नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी ते मोजमापासाठी बेटावर गेले. तराफ्यावरून उतरताना डावा गुडघा दगा देऊन गेला आणि रज्जाकभाई मोजपट्टीसकट पाण्यात बसले. सरुबाईनं आणि तिच्या मुलानं, संपतनं, काखेत हात घालून त्यांना वर काढलं. सत्तरीची सरुबाई त्यांच्या गुडघ्याकडे बघत राहिली.

"साहेब, गुडघा गेला की वो तुमचा."

"गुडघ्याचं काय घेऊन बसलात, नोकरीच चाललीय. एकतीस मार्चला रिटायर."

"म्हंजी? मग आमच्याकडं कोन येनार?"

"येईल कुणीतरी. माझ्यापेक्षा हुशार येईल," ते पँट पिळत म्हणाले. त्यांचा स्वतःचा त्यावर काडीइतका विश्वास नव्हता.

घरी गेल्यावर अख्तरबानूनं ओली पँट पाहिली आणि न बोलता मिठाचं गरम पाणी टबमध्ये काढून समोर ठेवलं. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती, त्यातली सत्तावीस तिनं हा टब भरला होता. पाय पाण्यात बुडल्यावर मग तिचं तोंड सुटलं. "पगार टेबलाचा आणि डुबक्या नदीत. कुणी पदक दिलं का अजून?" डॉक्टरांनी रज्जाकभाईंना पाण्यात उतरायला सक्त मनाई केली होती, हे दोघांनाही माहीत होतं.

आणि चमत्कार म्हणावा तसा, दिल्लीनं तीन आठवड्यांत उत्तर धाडलं. मार्चअखेरीला पैसे संपवायचे असले की दिल्लीला पंख फुटतात. बेट प्राथमिक यादीत होतं. आता पाहणी पथक येणार, चारी बाजूंना पाणी आहे का ते डोळ्यांनी पाहणार, आणि पाहिलं की पूल मंजूर. ऋतुजानं त्या दिवशी सगळ्यांना कात्रजचं श्रीखंड वाटलं. रज्जाकभाईंनी आपली वाटी झाकून घरी नेली, कारण रोजे चालू होते. उपास सोडल्यावर ते श्रीखंड खाताना, खोटं कशाला बोला, त्यांनाही क्षणभर वाटलं की होईल. या खेपेला होईल.

त्यांनी संपतला फोन लावला. सत्तावीस वर्षांत त्यांनी पुष्कळ पाहण्या पाहिल्या होत्या. पाहण्या कशानं बिघडतात हेही त्यांना ठाऊक होतं: हार, शाल, नारळ, फेटे आणि स्थानिक पुढाऱ्याचं भाषण. साहेबलोक सत्कारात अडकतात आणि पाहायचं ते राहून जातं.

"हे बघ संपत, हार आणायचा नाही. शाल नाही, नारळ नाही, फेटा नाही. भाषण तर मुळीच नाही. समजलं?"

"समजलं साहेब. हार न्हाई, शाल न्हाई." मग संपत म्हणाला, "तुमी बी येनार ना पर?"

"मी नाही तर कोण?"

"म्हंजी ही शेवटचीच खेप तुमची."

"शेवटचीच," रज्जाकभाई म्हणाले आणि फोन ठेवला.

पाहणीच्या दिवशी सकाळी गाडी खराडीच्या गर्दीतून कशीबशी सुटली आणि नदीकाठच्या कच्च्या वाटेला लागली. मागे दिल्लीचे साहेब आणि त्यांच्याबरोबरच्या सल्लागार बाई होत्या, पुढे ड्रायव्हरशेजारी रज्जाकभाई मनात वाक्यं जुळवत होते. वळणावर उतरू. तराफ्यावर उभे राहू. साहेबांचे बूट भिजतील, आणि भिजलेच पाहिजेत. एका अधिकाऱ्याचे मोजे ओले झाले की जे काम होतं ते शंभर पानांच्या अहवालानं होत नाही, हा त्यांच्या नोकरीचा अर्क होता.

बाभळींचं वळण आलं. तराफा दिसला नाही. दिसला रस्ता.

चांगला दहा फुटी, लाल मुरमाचा रस्ता. या काठापासून त्या काठापर्यंत. पाणी मारून दाबलेला, खालून नदी जायला सिमेंटचे दोन पाइप घातलेले, कडेनं चुना फासलेले दगड आणि तोंडाशी रांगोळी. पलीकडच्या टोकाला सगळं बेट धुतलेल्या कपड्यांत उभं होतं. एकाच्याही हातात हार नव्हता.

"थांब, थांब," रज्जाकभाई ओरडले. पण समोर रस्ता असताना थांबायचं कशाला, हे त्या ड्रायव्हरला कळेना, आणि कळेपर्यंत गाडी थेट म्हसोबापुढे जाऊन उभी राहिली होती.

साहेब उतरले. त्यांनी बुटांकडे पाहिलं, बूट चकचकीत होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"शेखजी, आयलंड कहाँ है?"

"यही है, सर."

साहेबांनी मागे वळून रस्त्याकडे पाहिलं आणि मग रज्जाकभाईंकडे. त्या नजरेत राग नव्हता. आपल्याला उगाच एवढ्या लांब आणलं, एवढाच थकवा होता.

"सर, ये रास्ता परसों तक नहीं था," रज्जाकभाई म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "यहाँ कमर तक पानी होता है. ये लोग तराफे से आते-जाते हैं. पहली बाढ़ में ये सब बह जाएगा."

"तराफा कहाँ है?"

तराफा काठावर ओढून घेतला होता. त्याच्यावर स्वच्छ चादर घालून पोह्यांच्या बशा आणि चहाचे कप मांडले होते. रज्जाकभाईंनी चादरीचं टोक उचलून खालची पिंपं दाखवली. बशा खडखडल्या. सल्लागार बाई म्हणाल्या, "नाइस टेबल," आणि त्यांनी फोटो काढला. मग रस्त्याचा काढला. दोन्ही बाजूंनी, रांगोळीसकट.

"रोड किसने बनाया?" साहेबांनी विचारलं.

"आमीच, साहेब," संपत पुढे झाला. त्याची छाती फुगली होती. "दीड दिवसात. तिकडं बिल्डिंगचं खोदकाम चाललंय, तिथला मुरूम आन राडारोडा माझ्या ट्रॅक्टरनं आनला. बायामानसं, पोरं, समदी लागली व्हती."

साहेबांनी संपतची पाठ थोपटली. "बहुत बढ़िया. लोकसहभाग." जाताना ते रज्जाकभाईंना हळूच म्हणाले, "शेखजी, मैं समझ रहा हूँ. लेकिन जो दिखता है, वही लिखना पड़ता है."

गाडी कोरड्या चाकांनी परत निघाली. सरुबाईनं खिडकीतून रज्जाकभाईंच्या हातात खजुराचा पुडा दिला. "रोजा सोडताना खा," ती म्हणाली, आणि हसली. त्यांना तिच्याकडे बघवलं नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, आणि ज्यांनी केला त्यांना तो गणपतीच वाटत होता.

पत्र एकतीस मार्चला सकाळी आलं. 'स्थळपाहणीवेळी सदर वस्तीस लोकसहभागातून उभारलेला बारमाही पोहोचरस्ता उपलब्ध असल्याचे आढळून आले. सबब सदर ठिकाण बेट या व्याख्येत बसत नाही.' सोबत पुरावा म्हणून रांगोळीचा फोटो होता. एका सकाळीत त्यांना बारा महिने दिसले होते. ऋतुजा फेरपाहणीसाठी अर्ज लिहायला बसली आणि लिहिता लिहिता रडायला लागली, कारण योजनेची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती.

दुपारी निरोपसमारंभ झाला. रज्जाकभाईंना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्यांच्या कर्तव्यनिष्ठेबद्दल जे जे बोलायचं ते बोलून झालं. मग त्यांनी ते सगळं एका पिशवीत घातलं, रिक्षा केली आणि बेटाचं वळण गाठलं.

रस्ता अजून तसाच होता. मध्यभागी थोडा खचला होता, तेवढंच. त्यांच्या आत इतके दिवस जे साचलं होतं ते त्या मुरमावर पाय पडताच वर आलं. सरुबाई दारात कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसली होती, संपत शेजारी होता. रज्जाकभाईंनी नमस्कारसुद्धा केला नाही.

"कुणी सांगितला होता हा शहाणपणा?" ते ओरडले. त्यांना कधी कुणी असं कुणावर ओरडताना ऐकलं नव्हतं. शेजारची दारं उघडली. "पूल गेला! कायमचा गेला! चारी बाजूंना पाणी बघायला आले होते ते, आणि तुम्ही त्यांना रस्ता दाखवलात. दिल्लीच्या साहेबाचे बूट भिजू नयेत म्हणून! दोन दिवस, फक्त दोन दिवस आहे तसं राहू दिलं असतं तर काय बिघडत होतं तुमचं?"

संपतची मान खाली गेली. "साहेब, आमाला वाटलं... त्ये पुलाचं बघायला आल्यात. रस्त्याचं काय त्यात, असं वाटलं."

सरुबाईनं हातातली जुडी खाली ठेवली.

"दिल्लीच्या साहेबाचं कशाला नाव घेता? असलं साहेब येत्यात आन जात्यात," ती म्हणाली. "रस्ता त्यांच्यासाठी न्हवता केला, साहेब. तुमच्यासाठी केला."

रज्जाकभाईंनी मागे वळून रस्त्याकडे पाहिलं.

"सत्तावीस वरसं आमच्यापायी पान्यातनं येताय. मागल्या खेपंला पडला तवा बघितलं मी. गुडघा वाकत न्हवता, आन तरी बी मोजत व्हता. संपतनं सांगितलं, साहेबांची शेवटची खेप हाय. मानसाला काय तरी द्यावं का न्हाई? तर तुमीच म्हनलासा, हार नगं. शाल नगं. नारळ नगं." तिनं हात पसरले. "मग आमी द्यावं तरी काय? म्हनलं, शेवटच्या खेपंला तरी ह्या मानसानं कोरड्या पायानं यावं."

हातातल्या पिशवीत शाल होती, नारळ होता, घड्याळ टिकटिकत होतं. रज्जाकभाईंनी ती पिशवी पाठीमागे धरली. आपल्याला काय वाटतंय याचा त्यांना स्वतःलाच पत्ता लागेना. राग होता तिथे आता लाज होती, आणि लाजेच्या खाली असं काहीतरी होतं की जे सत्तावीस वर्षांत कुठल्याच कार्यालयानं त्यांना दिलं नव्हतं. ते त्यांना हवं होतं आणि त्याची किंमत पाहून ते घ्यायची हिंमत होत नव्हती.

ते ओसरीच्या कडेला बसले. सरुबाईनं पाणी आणलं, मग रोजा आठवून तांब्या तसाच बाजूला ठेवला.

"मग आता पावसाळ्यात?" शेवटी संपतनं विचारलं.

"तराफ्याच्या फळ्या बदलून घे," रज्जाकभाई म्हणाले. "दोन कुजल्यात. आणि दोर नवा लाव."

निघताना सगळं बेट त्यांच्या मागे काठापर्यंत आलं. गुडघा दुखत होता, ते सावकाश चालत होते. रस्ता खचला होता तिथे बोटभर पाणी मुरमावरून वाहत होतं. त्यांनी पाय टाकण्याआधीच संपत धावत पुढे गेला आणि त्यानं पाण्यात एक सपाट दगड टाकला. रज्जाकभाई त्या दगडावरून पलीकडे गेले. मागे वळून पाहिलं तेव्हा कुणी त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हतं. सगळे त्यांच्या बुटांकडे बघत होते.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. अख्तरबानूनं पिशवी हातातून घेतली, नारळ बाजूला ठेवला आणि सवयीनं खाली वाकून त्यांच्या पँटचं टोक चाचपलं. टबातलं पाणी वाफाळत होतं.

"आज तिकडेच गेला होतात ना?" तिनं विचारलं. "मग पाय कोरडे कसे?"

रज्जाकभाई खुर्चीवर बसले. त्यांनी बूट काढले, मोजे काढले आणि आपल्या कोरड्या पायांकडे बघत ते लहान पोरासारखे रडायला लागले. अख्तरबानूनं त्यांचे पाय उचलून गरम पाण्यात ठेवले.